पडद्यामागचे दिवे

त्या वर्षी मका गुडघ्याएवढा झाला आणि त्याने माना टाकल्या. ऑक्टोबर उजाडेपर्यंत मोन्झेच्या दक्षिणेकडल्या त्या गावात हिरवं म्हणावं असं एक मुनाचोंगाच्या घराचं दारच उरलं होतं, आणि तेही रंगाचं. धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, असं सरकार सांगे. यायची तेव्हा दिवसातून तीन तास यायची, तीही आपल्या लहरीने. त्या आठवड्यात तिची वेळ दुपारी दोनची होती. दोन वाजले की त्याची बायको जेलिता हातातलं काम टाकून आत पळे, फोन चार्जिंगला लावी आणि टीव्हीचं बटण दाबी.

टीव्ही लेकीने, मायन्झाने, राजधानीतून, लुसाकाहून पाठवला होता. चांगला हातभर उंचीचा. गावात त्याहून मोठा फक्त हेडमास्तरांकडे होता, आणि तो बिघडून दोन वर्षं झाली होती. त्यामुळे रविवारी फुटबॉलचा सामना असला की गावातली जाणती माणसं मुनाचोंगाच्या घरी जमत. मुनाचोंगा पुढच्या खुर्चीत बसे. कुणी गोल हुकवला की पहिली शिवी त्याची असे, मग बाकीच्यांची.

मंगळवारी जेलिता मुसेकेसेच्या झाडाच्या शेंगा कुटत होती. गवत संपल्यावर गुरांना आता त्याच शेंगांचा भुगा द्यायचा. दोन वाजले तशी ती डोक्यावरचा भुगा झटकत आत आली आणि तिने बटण दाबलं. आवाज आला. बातम्या सांगणारी बाई घडघडा बोलायला लागली. पडदा मात्र काळाच राहिला. जेलिताला त्यात टोपली घेतलेली स्वतःचीच सावली दिसली.

"अहो, ह्ये..." एवढं ती बोलली, तोच खुर्चीतून म्हातारा मुनाचोंगा हसला. पडद्यापासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसायची त्याला वर्षभर सवय लागली होती. ऐकू कमी येत असेल, असं जेलिताला वाटे.

"बघ, बघ. काय हाडं निघालीत त्या गाईची. आपली तांबडी बरी त्यापरीस."

बातमी दुष्काळातल्या गुरांची होती. जेलिताने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. गाय नव्हती, हाडं नव्हती, काही नव्हतं.

"बघितलीस न्हवं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बघितली," जेलिता म्हणाली. टोपली तशीच घेऊन ती बाहेर आली आणि झाडाखाली जाऊन बसली.

मग एकेक गोष्ट तिला आठवू लागली. महिनाभरापूर्वी आंबवलेल्या दुधाचा भोपळा त्याने लाथाडला, तेव्हा मांजराला शिव्या घातल्या होत्या. वासरांच्या गळ्यात नव्या घंटा बांधल्या, तेव्हा हौस आली असं सांगितलं होतं. गोठ्याकडे जाताना कुंपणाच्या दांड्यांवरून हात फिरवत जायचा. कुंपण ढिलं झालंय का बघतोय, असं ती समजली होती. आणि ऑगस्टमध्ये आरोग्यसेविका पोरगी आली होती. तिने सगळ्या म्हाताऱ्यांना जमवून सांगितलं होतं, "मोतीबिंदू कितीबी पिकू दे, उजेड कळतोय तवर काढता येतो. उजेडच कळंना झाला, की मग डॉक्टरच्या बी हातात काय न्हाई. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी मिशनच्या दवाखान्यात या." ती मुनाचोंगाच्या डोळ्यांत बॅटरी मारायला गेली, तर हा म्हणाला होता, "माझे डोळे कशाला बघतीस? तुझे दात मोजून देऊ का? सोळा हायेत. बाकीचे ओठामागं." सगळे हसले होते. जेलिताही हसली होती.

एक्केचाळीस वर्षांचा संसार. त्याची कुठली दाढ दुखते हे तिला त्याच्या आधी कळे. आणि एवढी मोठी गोष्ट त्याने तिच्यापासून लपवली. तिला रडू यायला हवं होतं, पण आधी रागच आला. तासभर ती शेंगा कुटत राहिली, त्यातल्या निम्म्या उगाचच.

तोंडावर जाऊन विचारावं, असं तिच्या मनात दोनदा आलं. पण त्याच्या मामाची गोष्ट तिला ठाऊक होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकदा त्यानेच ती सांगितली होती. मामा आंधळा होता. लहानपणी मुनाचोंगा काठीचं एक टोक धरून त्याला फिरवायचा. एके दिवशी पोरं खेळायला बोलावत होती, तसं याने काठी सोडली आणि मामाला काटेरी झुडपात उभं करून पळाला. संध्याकाळपर्यंत मामा तिथेच. येणारेजाणारे हसत होते. "त्या काठीच्या दुसऱ्या टोकाला मी कधी जानार न्हाई," असं तो तेव्हा म्हणाला होता. पुन्हा त्याने मामाचं नाव काढलं नाही.

आणि रविवारी सामना होता. माणसं येणार, काळ्या पडद्यापुढे बसणार आणि हा पुढच्या खुर्चीतून ओरडणार, "काय पास दिला रे!" जेलिताच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. रविवारच्या आत टीव्ही दुरुस्त व्हायला हवा, आणि तो बिघडला होता हे त्याला कळता कामा नये. तिने एवढंच ठरवलं.

बुधवारी म्हातारा फार बोलला नाही. दोन वाजता काळ्या पडद्यापुढे बसला, "आज निळा झगा घातलाय बाईनं," असं एकदाच म्हणाला. जेवणात मक्याच्या पिठाच्या न्शिमाचे चार घास खाऊन ताट सरकवलं. मग अंगणात जाऊन रणरणत्या उन्हाकडे तोंड करून बसून राहिला.

"सावलीत बसा की. डोकं फिरंल."

"बसू दे गं," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. तांबडीची काळजी करतोय, असं तिला वाटलं.

गुरुवारी बाजार होता. तिथे मुबियानाचं पत्र्याचं खोकं होतं. रेडिओ, फोन, टीव्ही, जे हाताला येईल ते तो उघडी. तो लोझी, पश्चिमेकडच्या पुराच्या मैदानातला; जेलिताचं गाव गुरं पाळणाऱ्या टोंगांचं. लोझी आणि टोंगा यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. लोझ्याने टोंग्याला आणि टोंग्याने लोझ्याला वाट्टेल ते बोलावं, वय बघायचं नाही, मान बघायचा नाही. आणि राग मात्र धरायचा नाही. ज्याने धरला त्याने कोंबडी द्यायची.

"या वहिनी," मुबियाना गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार करत म्हणाला. "गाई मेल्या का जित्या हायेत? मेल्या असतील तर सांगा, टोंगा माणूस कसा रडतो ते बघायला येतो."

"तुझी होडी वाळूत रुतलीय म्हनं. मासळीचे काटे मोजत बसलास व्हय?" जेलिताने सवयीने टोला दिला, आणि मग ती मुद्द्यावर आली. तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचंही सांगितलं, कारण त्याशिवाय मुबियानाला गप्प कसं बसवणार?

मुबियानाने स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचून ऐकून घेतलं आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. "आवाज येतो, चित्र न्हाई. बॅटरी हाय का घरात? वीज आली की काचंवर तिरकी धरा, अगदी जवळून. आत मानसं हलताना दिसली तर चित्र जितं हाय. मागचे दिवे मेलेत, तेवढंच."

शुक्रवारी म्हातारा गोठ्याकडे गेलेला पाहून तिने तसं केलं. बॅटरीचा झोत काचेवर तिरका धरला, आणि त्या वाटीएवढ्या गोल उजेडात धूसर, राखाडी, एक बाई बोलताना दिसली. झोत सरकवला तर तिचा हात दिसला, मग हातातला कागद. सगळं जागच्या जागी होतं. जेलिता बराच वेळ झोत इकडून तिकडे फिरवत राहिली. बाहेर कुंपणाशी खडखड झाली तशी तिने बॅटरी विझवली आणि मुबियानाला फोन लावला.

शनिवारी सकाळी तो सायकलवरून आला. मागच्या कॅरिअरला एक फुटलेला टीव्ही बांधलेला, सुट्या भागांसाठी.

"आवाज खरखरतोय म्हनून बोलावलं त्याला," जेलिताने नवऱ्याला सांगितलं.

"आवाज तर चांगला..." म्हातारा बोलता बोलता थांबला. "व्हय. खरखरतोय जरासा."

"खरखरनारच. गाईवाल्याच्या घरात राहून त्याला हंबरायची सवय लागली," मुबियाना म्हणाला. "वहिनी, गादी आना."

मुबियानाची काम करायची रीत अशी होती. टीव्ही सायकलवरून नेला तर खड्ड्यात काच जाते, म्हणून तो गिऱ्हाइकाच्या घरी येई आणि गिऱ्हाइकाच्याच गादीवर टीव्ही पालथा घाली. जेलिताला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या गादीला एका बाजूने गोणपाटाचं ठिगळ होतं, मधोमध जुना डाग होता. ती दारात घुटमळली. मग वर स्वच्छ चादर टाकून तिने गादी बाहेरच्या खोलीत आणली. चादर काढून ठेवा म्हणाला तो, धागे काचेला चिकटतात. ठिगळ उघडं पडलं. मुबियाना त्यावर चेष्टेचा एक शब्दही बोलला नाही, याचं तिला बरं वाटलं.

मागचे स्क्रू निघाले, झाकण निघालं. तारा सुटल्या. मग त्याने टीव्ही उताणा केला आणि कडेची चौकट नखाने उचकत उचकत सोडवली. आता पापडासारखी पातळ काच तेवढी उचलायची राहिली.

"हिला चार तळवे लागतात. चारी कोपरे एकदम वर. जरा पिळली की गेली, मग देव बी जोडत न्हाई. वहिनी, या."

"तिचे हात सकाळधरनं शेंगा कुटून थरथरतायत," म्हातारा उठला. "मी धरतो."

तिने मुबियानाकडे पाहिलं. मुबियानाने म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, जवळून, आणि त्याला जे पाहायचं होतं ते दिसलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधाची साय धरली होती.

"धरा की पाव्हणं," तो म्हणाला. "गुडघे टेका. हां. हात खाली, अजून खाली. ही कड लागली? आता मी 'उचल' म्हनलो की उचला, आन् माझ्या आवाजाकडं या. टोंगा मानसाला रस्ता सांगावाच लागतो."

"लोझ्याला पानी पुसावं, रस्ता न्हाई," म्हातारा म्हणाला. त्याचे तळवे काचेखाली सपाट शिरले. आडलेल्या गाईच्या पोटातून वासरं ओढून काढलेले ते हात. जेलिता वाट मोकळी करून भिंतीला टेकली.

"उचल."

काच उचलली गेली. म्हातारा गुडघ्यांवरच डावीकडे सरकला, एकदा, दोनदा. मुबियाना बोलत राहिला. "अजून... अजून... आता टेकवा, हळू, बाळ निजलंय." गादीच्या दुसऱ्या टोकाला काच टेकली. ती कुठेही पिळली नव्हती. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जरा तरतरी दिसत होती.

काचेखाली पांढरे पातळ कागद होते, एकावर एक तीन. मुबियानाने ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, त्याच बाजूने भिंतीशी ठेवले. खाली तीन लांब पट्ट्या होत्या. पट्टीवर वितभर अंतराने दिवे आणि प्रत्येक दिव्यावर शर्टाच्या बटणाएवढं भिंग. जुन्या फोनच्या बॅटरीला त्याने दोन तारा जोडल्या होत्या. त्यांची टोकं तो एकेका दिव्याला लावू लागला. पहिला लागला. दुसरा लागला. सातवा लागला नाही. भिंग काढून बघितलं तर दिव्याच्या पोटात काळा ठिपका.

"एवढा एकच?" जेलिताने ओठांनीच विचारलं.

"सगळे एका दोऱ्यात ओवलेत. एक रुसला की सगळे बसतात. टोंगांचं कुळ," मुबियाना मोठ्याने म्हणाला.

"आवाजाच्या आत कुळं कुठली आली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आवाजाला बी घरदार असतं, पाव्हणं."

सोल्डर करायला वीज कुठून आणणार? वीज दोनला येणार. त्यासाठी मुबियानाकडे लाकडी मुठीची तांब्याची जाड सळई होती. जेलिताने शेगडी पेटवली, कोळसा लाल झाला, सळई त्यात खुपसली. फुटक्या टीव्हीच्या पट्टीतला एक दिवा त्याने काढला आणि मेलेल्याच्या जागी बसवला. सळई गार झाली की पुन्हा शेगडीत, पुन्हा पट्टीवर. ऑक्टोबरचं ऊन, शेजारी निखारे, त्याच्या हनुवटीवरून थेंब गळायला लागले. थेंब पट्टीवर पडू नये म्हणून जेलिता शेजारी बसून आपल्या कमरेला गुंडाळलेल्या चिटेंगेच्या पदराने त्याचं तोंड पुसत राहिली. शेवटी भिंग डिंकाने जागेवर चिकटवून तो मागे टेकला, आणि तिने दिलेलं चिब्वान्तू, मक्याचं आंबूस पेय, दोन वाडगे घटाघट प्याला.

काच पुन्हा चार तळव्यांवरून आपल्या जागी गेली. म्हातारा आता न सांगताच वळला. दोनला पाच मिनिटं असताना टीव्ही भिंतीशी उभा राहिला. म्हातारा खुर्ची ओढून बसला, पण त्याने मान खाली घातली होती. टीव्ही लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा तो दिसत नव्हता.

वीज आली. पडदा पेटला, तसा मुबियानाने रिमोटने उजेड जरा कमी केला, दिवे जास्त दिवस टिकावेत म्हणून. गाणी लागली होती. पोरी नाचत होत्या.

म्हाताऱ्याने मान वर केली. हळूच हात पुढे केला, पंजा उघडा, पडद्यासमोर नेला, बाजूला घेतला, पुन्हा समोर नेला.

"जेलिता," तो म्हणाला.

ती दचकली. मायन्झा झाल्यापासून त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती.

"जेलिता, हाय गं. चौकोन हाय. निळा. हालतोय."

तिला काहीच कळेना. मुबियानाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. गुरुवारी त्याने तोंड बंद ठेवायचा शब्द दिला होता. पण थट्टेच्या नात्यात दिलेल्या शब्दाला किती वजन असतं हे त्यालाही ठाऊक होतं आणि जेलितालाही.

"आता हायच, पाव्हणं. पाच दिस न्हवता," तो म्हणाला. "मंगळवारपासनं ह्यो टीव्ही कोळशावानी काळा हुता. आन् तुमी त्याच्यासमोर बसून गाई मोजत हुता. अख्ख्या पुराच्या मुलखात असला बघनारा मी बघितला न्हाई."

जेलिताने डोळे मिटून घेतले. म्हातारा उठला की काठी घालतो की काय, असं तिला वाटलं. तो उठला नाही.

"टीव्ही काळा हुता?" त्याने विचारलं.

"व्हय."

"मंगळवारपासनं?"

"व्हय म्हनतो न्हवं."

म्हातारा तिच्या दिशेने वळला. "आन् तू बोलली न्हाईस?"

"तुमी बोललात?" जेलिताचा बांध फुटला. "वरीसभर लपवून ठेवलंत माझ्यापासनं. माझ्यापासनं! मी काय कोन रस्त्यावरची? गाय दिसली म्हनं, निळा झगा म्हनं! मी काय बोलू? तुमची लाज जाईल म्हनून गप बसले."

"अगं, मानसं मला कवाच दिसायची बंद झालीत," म्हातारा म्हणाला. "त्या डब्याचा उजेड तेवढा दिसायचा. रोज बसून बघायचो, आज किती दिसतो, काल किती दिसला. मंगळवारी बटण दाबलंस, आन् तो बी न्हाई. ती पोरगी म्हनलीवती, उजेड कळतोय तवर या. मला वाटलं, झालं. आता घरातला गेला, उद्या उन्हातला जाईल. रोज उन्हात बसून बघत हुतो, हाय का गेला."

जेलिताला बुधवार आठवला, गुरुवार आठवला, रणरणत्या उन्हाकडे वळवलेलं ते तोंड आठवलं. ती त्याची लाज राखत होती, आणि तिच्या गप्प बसण्याने पाच दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता. ती खुर्चीशी खाली बसली, त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि मोठ्याने रडली. त्याने चाचपत तिच्या केसांतला शेंगांचा भुगा झटकला.

मुबियानाने रिमोट उचलला आणि दोघांचं लक्ष नाही असं पाहून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. जळाले तर जळू देत, पुन्हा येऊन बसवता येतील.

"हां," म्हातारा लगेच म्हणाला. "आता अजून चांगला."

मग तो हसायला लागला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. "लोझ्या, तुझ्या जिभेला हाड न्हाई."

"राग आला? राग आला असंल तर कोंबडी."

"न्हाई आला."

"वहिनींना आलाय. 'मला शब्द दिलावतास' म्हनून बघतायत, दिसतंय मला," असं म्हणत मुबियाना अंगणात उतरला, आणि पळणाऱ्या कोंबड्यांतली नेमकी सगळ्यात लठ्ठ धरून सायकलला उलटी टांगली. जेलिता दारात येऊन त्याला मनापासून शिव्या देत राहिली, आणि वर पिशवीभर शेंगदाणेही बांधून दिले.

रविवारी माणसं आली. मुनाचोंगा पुढच्या खुर्चीत बसला. सामना सुरू व्हायच्या आधी म्हणाला, "कुनीतरी सांगत जा रे काय चाललंय. मला निस्ता उजेड दिसतो." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून कुणीतरी सांगायला सुरुवात केली, दुसऱ्याने त्याचं खोडून काढलं, आणि अर्ध्या तासात सगळेच एकदम सांगायला लागले.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, ऊन चढायच्या आत, दोघं हिरव्या दारातून बाहेर पडली. मोठ्या रस्त्यापर्यंत तासाभराची चाल होती, तिथून दवाखान्याची गाडी मिळणार होती. विहिरीवर बायका पाण्याची वाट बघत बसल्या होत्या. जेलिताने काठी आणली होती. एक टोक आपण धरावं आणि एक त्याला द्यावं, असं तिच्या मनात होतं, पण ती पुढे करायचा धीर होईना.

त्याने हात पुढे केला, काठी चाचपली, तिच्या हातातून काढून घेतली आणि कुंपणापलीकडे टाकून दिली. मग सगळ्या बायकांच्या देखत तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल. पुढं तू," तो म्हणाला. "आन् हळू चाल. काट्यात सोडून पळू नकोस."

"परत माझ्यापासनं काय लपवलंत, तर सोडीन," जेलिता म्हणाली, आणि चालू लागली.